२६ ऑक्टोबर १९३१ : ‘टायगर मॉथ’चे पहिले उड्डाण

लंडनजवळील स्टॅग लेन विमानतळावर चाचणी वैमानिक ह्यूबर्ट ब्रॉड यांनी या दिवशी डी हॅविलँड कंपनीच्या ‘टायगर मॉथ’ या द्विपंखी, म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या, प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण केले. पुढच्या आसनावरील प्रशिक्षकाला संकटकाळी हवाई छत्रीसह चटकन बाहेर पडता यावे म्हणून वरचे पंख पुढे सरकवण्यात आले आणि त्यामुळे ढळणारा तोल पंखांना मागे झुकाव देऊन सावरण्यात आला; साधी वाटणारी ही तजवीज अभ्यासण्याजोगी आहे. हे विमान उडवणे सोपे, परंतु अचूक उडवणे कठीण असल्याने त्यात शिकाऊ वैमानिकाच्या चुका लपत नसत, आणि म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व राष्ट्रकुलातील हजारो वैमानिकांनी त्यावर प्राथमिक धडे घेतले. पुढे ब्रिटनमध्ये ‘चिपमंक’ने, तर भारतात स्वदेशी ‘एचटी-२’ने त्याची जागा घेतली. सेवामुक्त विमाने स्वस्तात विकली गेली आणि न्यूझीलंडमधील डोंगराळ कुरणांवर अगदी खालून उडत खत टाकताना त्यांपैकी अनेक कोसळून नष्ट झाली, ही हानी खरोखरच खेदजनक होय. भारतीय हवाई दलाचे एक पुनरुज्जीवित ‘टायगर मॉथ’ २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडन येथे पुन्हा आकाशात झेपावले.