नंदिविसाल : पशुपालन आणि सम्यक वाचा

पोळ्याच्या आदल्या दिवशी चिमूर परिसरात बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जुवाने घासून निबर झालेला खांदा शेकून त्यावर तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल सजतात, तोरणाखाली उभे राहतात, पुरणपोळी खातात. पण उरलेल्या दिवसांत त्याच बैलाशी माणूस कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पालि तिपिटकात तो विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर जातिव्यवस्थेच्या मुळाला जाऊन भिडते. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राणिमात्रांविषयीची करुणा या भूमीला नवी नाही. चिमूरच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एक शिलालेख सापडला. प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनी तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील, सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राने कोरविलेला मानला. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. अशोकाने दुसऱ्या शिलाशासनात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. पाचव्या स्तंभशासनात ठरावीक तिथींना बैलांचे खच्चीकरण आणि बैल-घोड्यांना डागणे यांवर त्याने बंदी घातली. शेतीला बैल लागणारच, हे ओळखून त्यांची वेदना मर्यादित करणारे हे शासन होते.

भगवान बुद्धांना गोठ्याचे ज्ञान किती बारकाईने होते, हे मज्झिम निकायातील महागोपालक सुत्तावरून कळते. चांगल्या गुराख्याचे अकरा गुण तेथे सांगितले आहेत. तो प्रत्येक गाय रूपाने व खुणेने ओळखतो, माशांची अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, गोठ्यात धूर करतो. त्याला पाण्याचा उतार, वाट आणि कुरण ठाऊक असते. तो सारे दूध पिळून घेत नाही, काही शिल्लक ठेवतो. आणि कळपाचे पुढारपण करणाऱ्या वळूंना विशेष मान देतो. दोन-तीन एकर धानाच्या बांध्या व एक बैलजोडी एवढ्यावर संसार करणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला यातील एकही गुण परका वाटणार नाही. पावसाळ्यात कोठ्यात कडुनिंबाचा धूर तोही करतो.

गोऱ्हा कामाला लावण्याची रीतही अशीच धीराची आहे. तो आधी दाव्याला सरावतो, मग वेसणीला. त्यानंतर मुरलेल्या बैलाच्या जोडीला त्याला जुवाखाली घेतात आणि आरंभी हलकेच ओझे ओढवतात. आर लावलेली पराणी, जिला आपल्याकडे तुतारी म्हणतात, ती हाती असतेच. परंतु जाणता शेतकरी नावाने हाक मारून आणि पाठीवर हात फिरवून काम घेतो. तुतारीने भेदरलेला गोऱ्हा जन्मभर बुजरा राहतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

नंदिविसाल जातकाचे मर्म नेमके हेच आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने नंदिविसाल नावाचा बैल पुत्राप्रमाणे वाढविला. शंभर भरलेल्या गाड्या हा बैल ओढील, अशी हजार नाण्यांची पैज त्याने बैलाच्याच सूचनेवरून लावली. पण ऐन वेळी त्याने पराणी उगारून बैलाला ‘कूट’, म्हणजे खोडसाळ, म्हटले. बैल खांबासारखा उभा राहिला. तुझ्या घरी मी कधी एखादे भांडे तरी फोडले काय, असे त्याने नंतर धन्याला विचारले. दुसऱ्या वेळी ‘भद्र’ असे संबोधताच त्याने गाड्या ओढल्या आणि धन्याने दोन हजारांची पैज जिंकली.

ही कथा तथागतांनी कोणत्या प्रसंगी सांगितली, हे महत्त्वाचे आहे. विनयपिटकानुसार षड्वर्गीय भिक्खू सदाचारी भिक्खूंना जाती, नाव, गोत्र, काम इत्यादींवरून हिणवीत होते. त्या प्रसंगी ही कथा सांगून तथागतांनी अपमानकारक बोलणे पाचित्तिय, म्हणजे दोष, ठरविले. त्या नियमाच्या विवरणात चांडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही तत्कालीन समाजाने हीन मानलेली कुळे येतात. माणसाला बैल किंवा गाढव म्हणणेही येते. चांडाल कुळातून आलेल्या भिक्खूला हिणविण्याच्या हेतूने चांडाल म्हणणे हाही दोषच आहे. ‘मी खरे तेच बोललो’ ही सबब तेथे चालत नाही. एवढेच नव्हे, तर हिणविण्यासाठी वापरलेला उच्च शब्दही दोषास पात्र ठरतो. विनय शब्दामागची चेतना पाहतो.

आपल्या समाजाच्या वाट्याला जिवंत जनावरापेक्षा मेलेल्या जनावराचे ओझे अधिक आले, आणि त्या ओझ्यावरूनच आपल्याला नावे पडली. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे ही नावे पुसण्याची जिद्द होती. येथे नंदिविसालाच्या कथेची मर्यादाही ओळखली पाहिजे. गोड शब्दाने बैलाचे जू उतरले नाही. पैज धन्यालाच मिळाली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्याने ‘हरिजन’ म्हणण्यास विरोध करून बाबासाहेबांनी आपल्या पक्षासह सभात्याग केला, तो हीच मर्यादा जाणून. जू कायम ठेवून दिलेले गोड नाव त्यांना नको होते. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातिवाचक अपमान गुन्हा ठरविला. विनयाने तो दोष फार पूर्वीच मानला होता.

मुक्या जनावरालाही शब्द लागतो, मग माणसाला तो किती लागत असेल, असे ही कथा सुचविते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या हस्ते ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या वारसांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. आपल्या दावणीचा बैल, आपल्या शेतावरचा मजूर आणि आपल्या घरातील स्त्री यांना आपण ‘कूट’ म्हणतो की ‘भद्र’? आणि ‘भद्र’ म्हणताना त्यांच्या खांद्यावरचे जू आपल्याला दिसते काय? सम्यक वाचेचा आरंभ विहारात होतो, पण तिची परीक्षा गोठ्यात आणि बांधीवरच होते.