काटा की आकडा? संगणकावर बसलेल्या जुन्या डायलची गोष्ट

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे.

स्वतःचा संगणक स्वतः जुळवणाऱ्या तरुणांमध्ये सध्या एक हौस दिसते. काचेचं कॅबिनेट झालं, रंगीत दिवे झाले, की काही जण त्यावर जुन्या पद्धतीचे काट्याचे डायल बसवतात. प्रोसेसरवर किती ताण आहे, तो किती तापला आहे, हे काटा हलून दाखवतो. घरातले मोठे विचारतात, ‘पडद्यावर नेमका आकडा दिसतोय, मग हे कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते गळी उतरेपर्यंत माणसांचे प्राण गेले आहेत.

सुरुवात १८२० साली झाली. कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून वीज वाहिली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी जर्मनीत श्वायगर यांनी तारेचे अनेक वेढे घेतले आणि तो परिणाम वाढवला. वीज मोजायचं साधन असं जन्मलं. पण त्यात सुई हलायची आणि कॉइल स्थिर असायची. त्यामुळे आसपासच्या लोखंडाचा, एवढंच काय पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही तिच्यावर परिणाम व्हायचा.

१८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये द आर्सोनव्हाल आणि देप्रे यांनी गणित उलटं केलं. चुंबक स्थिर, कॉइल हलती. पुढे एडवर्ड वेस्टन यांनी अमेरिकेतल्या न्यूअर्कमध्ये १८८८ साली कंपनी काढली आणि हे उपकरण प्रयोगशाळेतून कारखान्यात आणलं. वर्षानुवर्षं न बदलणारं चुंबक, बारीक स्प्रिंग, आणि प्रवाहाच्या प्रमाणात सरकणारा काटा. आज बाजारात मिळणारं काट्याचं साधं पॅनेल मीटर आतून बहुधा तेच असतं. १९२३ साली ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन उपकरणं एकाच पेटीत बसवली. तो अ‍ॅव्होमीटर. आमच्या पिढीच्या अनेक वर्कशॉपमध्ये तो होता.

आता मुद्द्याकडे येऊ. काट्यात असं काय आहे, जे आकड्यात नाही?

गाडी चालवताना तुम्ही तापमानाचा काटा ‘वाचत’ नाही. तो नेहमीच्या जागी आहे ना, एवढंच नजर टिपते. जागेवरून सरकला, तर किती वेगानं सरकतोय तेही कळतं. आकडा मात्र वाचावा लागतो, लक्षात ठेवावा लागतो, आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. रेडिओवाल्यांनी हे ओळखलं होतं. १९३९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून आवाजाची पातळी दाखवणारं व्हीयू मीटर ठरवलं. त्यातला काटा मुद्दाम संथ ठेवला. आवाज एकदम वाढला, तरी काट्याला तिथे पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. प्रत्येक टोकदार आवाजामागे तो धावला असता, तर माणसाला काहीच कळलं नसतं.

पण काट्याची दुसरी बाजूही आहे. जुन्या विमानांत उंची दाखवणाऱ्या एकाच डायलवर तीन काटे असत: एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. आता १,५०० फूट आणि ११,५०० फूट डोळ्यांसमोर आणा. दोन्ही वेळा शेकड्यांचा काटा ५ वर आणि हजारांचा दीडवर. फरक फक्त तिसऱ्या काट्यात, आणि तो सर्वांत छोटा!

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत फिट्स आणि जोन्स यांनी १९४७ साली वैमानिकांकडून उपकरणं वाचतानाच्या २७० चुका गोळा करून तपासल्या. १९४९ मध्ये ग्रेथर यांनी उंची दाखवायच्या वेगवेगळ्या रचना तपासल्या. तीन काट्यांचा डायल वाचायला वेळही जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या. सरळ आकडे दाखवणारी रचना कितीतरी सरस ठरली. इशारा मिळाला होता.

तरीही डायल विमानांत राहिले. २४ डिसेंबर १९५८ रोजी दक्षिण इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया विमान चाचणी उड्डाणावर होतं. खाली धुकं होतं. ११,५०० फुटांवर आहोत अशा समजुतीत वैमानिकांनी उतरायला सुरुवात केली. विमान होतं १,५०० फुटांवर. १२ पैकी ९ जण गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्हायकाउंट विमान अशाच गफलतीनं कोसळलं होतं, सुदैवानं त्यातले सगळे वाचले. अशा वेळी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल बंद करणं सोपं असतं. माणसाला चुकायला लावणारं उपकरण कुणी बसवलं, हा अवघड प्रश्न आधी विचारायला हवा.

थोडक्यात नियम असा: कल आणि वेग पाहायचा असेल तर काटा, नेमकी किंमत हवी असेल तर आकडा. आणि एका डायलवर अनेक काटे नकोत. संगणकवाल्यांनाही याची जाण होती. १९९५ साली आलेल्या बीबॉक्स संगणकात दोन प्रोसेसर होते आणि प्रत्येकावरचा ताण दाखवायला दर्शनी भागावर दिव्यांचे दोन खांब होते. नजर टाकली की समजायचं.

आता ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांच्यासाठी. एक मिलिअँपिअरचं मीटर घ्या. आर्डुइनो ५ व्होल्ट देतो, म्हणून मीटरच्या अंतर्गत रोधासह एकूण सुमारे ५ किलोओहम रोध लागतो. थोडा भाग बदलता ठेवला, की काटा शेवटच्या खुणेवर बरोबर आणता येतो. आर्डुइनो वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. जड काट्याला तेवढं धावता येत नाही, म्हणून तो सरासरीवर स्थिरावतो. व्हीयू मीटरमध्ये मुद्दाम आणलेला संथपणा इथे फुकट मिळतो. संगणकातला छोटा प्रोग्राम ताण किंवा तापमान यूएसबीवरून आर्डुइनोला कळवतो. मीटर लोखंडी पत्र्यात बसवणार असाल, तर पत्र्यात बसवल्यावरच जुळवा, कारण लोखंड त्याच्या चुंबकावर परिणाम करतं. प्रोसेसरचा ताण, तापमान, पंख्याचा वेग काट्याला द्या. डिस्कवर किती जागा उरली, ते आकड्यातच राहू द्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वायर तुटली तर काटा शून्यावर येतो, आणि तापमानाच्या डायलवर शून्य म्हणजे सगळं थंड, सगळं ठीक! कारखान्यांत यावर जुना उपाय आहे. तिथे संदेश ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो. किंमत शून्य असली तरी ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे खरं शून्य आलं की कळतं, तार तुटली. तुम्हीही पट्टीची पहिली खूण काट्याच्या विश्रांतीच्या जागेपासून थोडी वर छापा. काटा त्या खुणेच्या खाली दिसला, तर उपकरण बंद पडलं आहे असं समजा.

चौकीवरून खबर आली नाही, म्हणजे सगळं शांत आहे, असं फौजेत कुणी धरत नाही. डायलच्या बाबतीतही धरू नका.

बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, जिथून पाहत आणि वाचत असाल, तुम्ही बसवलेल्या डायलबद्दल जरूर कळवा. जय हिंद.