तळघरातला दिवा

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी इटलीतील माँते कासिनोचा मठ जमीनदोस्त केला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापिलेल्या या मठातील संन्याशांनी पिढ्यान्‌पिढ्या जुने ग्रंथ हाताने उतरवून जपले होते. सुदैवाने ती ग्रंथसंपदा आधीच रोमला हलविली होती. आश्रयाला आलेले अनेक नागरिक मात्र ढिगाऱ्याखाली गेले.

या बाँबफेकीत वॉल्टर मिलर नावाचा एक तरुण विमानदल-सैनिक सहभागी होता. पुढे १९४७ साली त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि १९५९ मध्ये ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही विज्ञानकादंबरी प्रसिद्ध केली. तीत अणुयुद्धानंतर चवताळलेले लोक शास्त्रज्ञांना ठार मारतात, पुस्तके जाळतात. उरलीसुरली कागदपत्रे सांभाळतात ते मठातले संन्यासी. त्यांतला एक तर विद्युत्‌यंत्रणेच्या आराखड्याची, अर्थ कळत नसताही, सोनेरी नक्षीची नक्कल करण्यात वर्षानुवर्षे घालवितो!

शतके लोटतात. त्याच मठाच्या तळघरात संन्यासी चक्र फिरवून विजेचा दिवा पेटवितात. पण विद्या परतते, तिच्यामागोमाग अणुबाँबही परततो.

विज्ञान श्रेष्ठ की धर्म, हा वाद आपण घरोघर घालतो. मिलरला वेगळीच चिंता होती. श्रद्धेने विद्या जपली, पण ती वापरणारा हात तिला आवरता आला नाही. दिवा लावायला शिकलेल्या माणसाला आग न लावण्याचे कोणी शिकवावे? हा प्रश्न ज्याने विचारला, त्याचा हात स्वतः एक मठ पाडण्यास लागला होता.