पांढरीतला पैसा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेकरिता काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मला आधी हसूच आले. सातवी शिकून चुलीपुढे बसलेल्या बाईने काय लिहावे? पाककृती लिहावी, तर माझ्याहून सुगरण बायका मंडळात पुष्कळ आहेत. पण गेल्या दिवाळीत माहेरी जे पाहिले ते काही केल्या मनातून जाईना, आणि त्यावरून लहानपणची एक गोष्ट आठवली. तीच येथे सांगते. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

माझे माहेर याच तालुक्यातले, वाघाडी नदीकाठचे एक लहानसे खेडे. गावाच्या उशाला पडकी गढी आहे. आपल्या वऱ्हाडात अशा गढ्या गावोगाव दिसतात, तेव्हा तिचे वर्णन करीत बसत नाही. आतल्या वाड्याचे आता दोन सागवानी खांब आणि भिंतीतली एक देवळी एवढेच उरले आहे. पेंढाऱ्यांची धाड आली की सारा गाव गुरावासरांसकट गढीत शिरे, असे आजी सांगत असे. तेव्हा आम्हांला ती गोष्टच वाटे, पण त्यात खोटे काही नव्हते. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेला. पुढे १८१७-१८ साली इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा मोड केला, तोवर या मुलखाने फार सोसले. पैसा ठेवायला बँक नाही, पोस्ट नाही. ज्याच्याजवळ चार पैसे असतील त्याने ते मडक्यात घालून पुरावे, हाच रिवाज. मला वाटते, पुरण्याचे काम बहुतेक घरची बाईच करीत असावी. जमीन सारवायची ती तिच्याच हाताने. एकदा सारवले की खूण बुजली. आणि पुरणारी अचानक गेली, म्हणजे तिच्याबरोबर ठिकाणही गेले.

शेताला आपण काळी म्हणतो आणि गाववस्तीला पांढरी. ही पांढरी म्हणजे नुसता बोलण्यातला शब्द नव्हे. पिढ्यान्पिढ्यांची चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, कोंडा, फुटकी भांडी असे एकावर एक साचत जाते आणि माती खरोखरीच पांढरट होते. ती भिंतींना पोतारायला फार चांगली. दिवाळी तोंडावर आली की गावच्या बायका टोपली आणि सब्बल घेऊन गढीच्या अंगाला माती आणायला जात. एक पाऊस पडून गेल्यावर त्याच उतारावर मणी, खापऱ्या, क्वचित एखादा हिरवट पैसा उघडा पडलेला दिसे. आम्ही पोरे ते वेचून खेळायला घेत असू.

मी नऊ वर्षांची असेन. आई, आजी आणि शेजारच्या काकू माती काढीत होत्या, मी टोपलीपाशी बसले होते. खाणीचा एक लपका सुटला आणि त्याच्याबरोबर काळे मडके घरंगळत येऊन फुटले. आत तांब्याचे पैसे! ओटीभर तरी होते. हिरवा गंज चढून एकमेकांना चिकटलेले. आजी त्यांना ढबू म्हणाली. घरी आणून चिंचेने घासले, तर काहींवर फारसी अक्षरे दिसली. आजीने आठवडाभर कोणाला सांगितले नाही. मग बाजाराच्या दिवशी ते सगळे एका भांडेवाल्याकडे नेले आणि वजनावर घालून तांब्याचा गुंड आणला. एकच पैसा तेवढा तिने देव्हाऱ्यात ठेवला. गुंड अजून माझ्या वहिनीकडे आहे. भांडेवाल्याने पैशांचे काय केले ते सांगायला नको, आटवले असतील.

आजी गेल्यावर तो पैसा माझ्याकडे आला. चार वर्षांपूर्वी मुलीच्या शिक्षणाच्या कामाने नागपूरला जाणे झाले, तेव्हा तो बरोबर नेला. १८६३ साली सुरू झालेले तिथले संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते पाहिले. मग ओळखीतून नाण्यांचे जाणकार असलेल्या एका गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी भिंगातून पैसा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा निजामाच्या अमलातला दिसतो, पण झिजलेला आहे, टांकसाळ वाचता येत नाही. कुठे सापडला? किती खोल? बरोबर किती होते? मडके कसे होते?" मला काहीच नीट सांगता येईना. ओटीभर होते म्हटल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवले. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून मला फार ओशाळल्यासारखे झाले.

मग त्यांनीच समजावून सांगितले. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली असेच नाण्यांचे घबाड सापडले. दीड हजारांहून अधिक नाणी, तीही सोन्यारुप्याची नव्हेत, तांब्यात दुसरी हलकी धातू मिसळलेली. भांडेवाल्याने त्याचा लोटासुद्धा दिला नसता. पण ती नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या हाती आली. त्यांनी एकेक नाणे वाचले, तेव्हा ती सातवाहन राजांची निघाली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे त्यांत होती. पुराणांतल्या राजांच्या यादीत ही नावे नाहीत. म्हणजे आपल्याच वऱ्हाडात ज्यांचा पैसा चालला, ते राजे होऊन गेले हे जगाला त्या हलक्या नाण्यांवरून कळले.

दुसरी गोष्ट नाशिककडची. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपान राजाची १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. जिंकलेल्या राजाचा खजिना हाती आला आणि त्याने तोच पैसा आपल्या नावाने चालवला, ही लढाईची साक्ष! आता यातली पाचपन्नास नाणी सुटी सुटी दुकानात विकली गेली असती, तर कोणाला काय कळणार होते? किती नाण्यांवर छाप आणि किती कोरी, हा हिशेब सगळी एकत्र होती म्हणूनच लागला. आमच्या ओटीतल्या पैशांनीही कदाचित काही सांगितले असते. त्या गुंडातले पाणी पिताना आता मला ते आठवते.

आता गेल्या दिवाळीची हकीकत. माहेरी गेले तेव्हा गढीवर जिकडे तिकडे खड्डे. भाऊ म्हणाला, बाहेरगावची माणसे गाडी घेऊन आली होती, त्यांच्याजवळ मशीन होते. जमिनीतले सोने दाखवते म्हणतात. रात्री बॅटऱ्या लावून तीन दिवस खणले. वाड्याची देवळी होती ना, तिच्या खालची भिंतही पाडली. गावातल्या एका शेजाऱ्याला त्यांनी हाताशी धरले होते. मशीनचे भाडे म्हणून त्याच्याकडून पैसे घेतले, आणि त्या बापड्याने बायकोची पोत गहाण टाकून ते दिले. चौथ्या दिवशी माणसेही नाहीत आणि गाडीही नाही. जमिनीतले सोने काढायला निघाले आणि गळ्यातले सोने घालवून बसले. ती बाई मला भेटली, गळ्यात काळ्या मण्यांचा नुसता दोरा. एक शब्द बोलली नाही. मीही काय बोलणार?

हे मशीन म्हणजे काय, ते घरी आल्यावर मुलीने मला समजावले. काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे असते, त्यातून वीज खेळते. खाली धातू आली की तिच्यातही सूक्ष्म वीज निर्माण होते, ती वेटोळ्याला कळते आणि कानात टूं टूं वाजते. टेलिफोन काढणाऱ्या बेलसाहेबांनी १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी शोधायला असेच यंत्र केले होते, पण गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग हुडकायला ते फार उपयोगी पडले. मशीन वाईट नाही. पण साधे मशीन लहान नाण्याची चाहूल वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंतच घेते. पुरुषभर खाली सोन्याचा हंडा आहे असे कोणी सांगू लागला, तर तो मशीनचे नाही, स्वतःचे बोलतो. शिवाय त्याला मोहर आणि नालेचा खिळा यांतला भेद नक्की कळेल असे नाही. गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, बाटलीचे बूच, गुटख्याच्या पुडीतली चांदी, सगळ्याला ते ओरडते. आमच्या गढीवर बहुधा पुड्याच फार निघाल्या असतील!

आणि जे धातूचे नाही, ते त्याला ऐकूच येत नाही. खापरी, काचेची बांगडी, दगडी मणी, हाड, जळका दाणा, चूल, यांना ते मुके. बायकांचे सगळे जिणे तर याच वस्तूंत. आपल्याच जिल्ह्यात, बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला पांढरीचे असेच टेकाड आहे. तेथे नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ साली उत्खनन केले. सुमारे पावणेनऊ मीटर जाडीचे थर. तळाला तीन हजार वर्षांपूर्वीची लोखंड वापरणाऱ्या लोकांची वस्ती, तिच्यावर सातवाहनांच्या काळातली, तिच्यावर मध्ययुगातली आणि माथ्यावर निजामाच्या वेळचा टेहळणीचा बुरूज. गोल घरांच्या चुन्याच्या जमिनी, लाकडी खांबांच्या जागा, मातीची भांडी, मणी आणि चूलसुद्धा सापडली. हे सगळे त्यांनी ब्रशाने झाडून, मोजून, थराथराने उघडे केले. खड्डा मारून वरचे खाली आणि खालचे वर केले असते, तर त्यांतले काहीच वाचता आले नसते. पुस्तकाची पाने फाडून टोपलीत भरली, तर अक्षरे तीच राहतात पण गोष्ट कुठली?

गुप्तधनाच्या नादात देवऋषी आणि अघोरी प्रकार येतात, त्याबद्दल येथे जास्त लिहीत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच साली उत्तर प्रदेशात उन्नावजवळ डौंडियाखेडा येथे एका साधूच्या स्वप्नावरून सरकारी खात्याने किल्ल्यात खणले. हजार टन सोने निघणार म्हणून दुनिया लोटली होती. निघाल्या खापऱ्या आणि बांगड्यांचे तुकडे.

कायदा काय म्हणतो, तेही विचारून घेतले. तो इंग्रजांच्या वेळचा, १८७८ सालचा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर लेखी कलेक्टराला कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धनाचा जुना मालक कोणी पुढे आला नाही, तर आपसात काही ठरलेले नसल्यास सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला चौथा हिस्सा मिळतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेते. म्हणजे आजीने कळवले असते, तर कदाचित गुंड आला असता आणि पैसेही वाचले असते! पण हे आम्हांला सांगणार कोण?

विलायतेतली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र, निवृत्त झालेला माळी, आपले मशीन घेऊन ती शोधायला आला, तर चांदीचे चमचे आणि नाणी निघू लागली. त्याने थोडे उकरले आणि हात आवरून वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी येऊन रीतसर खणले, म्हणून कुजून गेलेल्या पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवली होती, हेसुद्धा कळले. रोमन लोकांची पंधरा हजारांच्या घरात नाणी होती. एका सोन्याच्या कंकणावर ज्युलियाना या बाईचे नाव कोरलेले होते. सोळाशे वर्षांनी तिचे नाव परत घेतले गेले. माळ्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. आणि हातोडीही सापडली! ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा आईजवळ बसून त्या मडक्याचा विषय काढला. आईची दृष्टी अधू झाली आहे, पण तिला सगळे आठवत होते. मडक्यावर पणती पालथी घातली होती. बाजूला राख होती, आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. "ते तर तूच खेळायला नेले होतेस," ती म्हणाली. मला ते मुळीच आठवत नव्हते.

मंडळाच्या कपाटात आता दोनशे पानी वही ठेवली आहे. कोणाला माहेरी, सासरी, शेतात, माती काढताना काही दिसले, तर तारीख, जागा, खोली आणि बरोबर काय होते ते तीत लिहायचे, वस्तू होती तशी ठेवायची आणि तलाठ्याला कळवायचे, असे ठरले आहे. पहिली नोंद मी केली: तांब्याचे पैसे, ओटीभर. जागा, गढीचा मावळतीकडचा उतार, मातीची खाण. खोली, आईच्या कमरेइतकी. सोबत काळे मडके, पालथी पणती, राख, हिरव्या बांगड्या. शिल्लक, पैसा एक.