अतिअभ्यासाचा हिशेब

परीक्षेच्या दिवसांत रोज किती तास वाचावे आणि किती तासांनंतर ते वाचणे अपायकारक होते, हा प्रश्न दर हिवाळ्याच्या अखेरीस शिक्षकांच्या खोलीत निघतो. कोणी आठ तास म्हणतो, कोणी बारा. एखादे वडीलधारे गृहस्थ रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केलेल्यांची परंपरा ऐकवतात आणि विषय तिथेच संपतो. आम्हांला या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा त्याच्या इतिहासाचे कुतूहल अधिक आहे. अभ्यास 'जास्त होतो' ही तक्रार सरकारी कागदावर केव्हा आली, ती मोजण्याचा प्रयत्न कोणी केला आणि मोजताना नेमके काय मोजले, हे पाहू लागले की तासांचा प्रश्न दिसतो तितका सरळ राहत नाही.

ही कथा इंग्लंडात सुरू होते. १८६२ साली तिथे रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानाची नवी संहिता लागू झाली. इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा यायचे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घ्यायची आणि त्या निकालावर शाळेला पैसे द्यायचे. मूल एका विषयात नापास झाले की त्याच्यापोटी मिळणाऱ्या रकमेतून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शाळेच्या या मिळकतीशी मास्तरांचे पोट बांधलेले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. नेमलेले वाचनपुस्तक मुले इतकी घोकत की ते हातात उलटे धरूनही घडाघडा 'वाचीत', अशी गोष्ट त्या काळी सांगितली जाई. या पद्धतीचा सर्वांत जाणता टीकाकार स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता. तो म्हणजे कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड. आपल्या अभ्यासक्रमात आर्नल्ड भेटतो तो बहुधा 'कसोटीचे दगड' हाती घेतलेला. ज्याची तीनएक दशके मुलांची तपासणी करण्यात गेली तो आर्नल्ड क्वचितच भेटतो. काव्याच्या कसोटीविषयी त्याने जे लिहिले त्यामागे दुसऱ्या एका कसोटीचा इतका जवळून घेतलेला अनुभव होता, हे वर्गात सांगायला हरकत नसावी.

वीसएक वर्षांनी, १८८४ साली, या शाळांतील 'अतिदाबा'विषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे जेम्स क्राइटन-ब्राउन हे मनोविकारांचे नामांकित वैद्य होते. पूर्वी ते यॉर्कशरमधल्या वेकफिल्ड येथील वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख होते. त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीतील शाळांत फिरून मुलांना डोके दुखते का, झोप लागते का, असे प्रश्न विचारले. सहा हजारांवर मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनी आपले डोके नेहमी दुखते असे सांगितले. या आकड्याने खळबळ उडाली. शाळा मुलांचे मेंदू जाळीत आहेत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

त्यांच्याबरोबर शाळांत हिंडलेले इन्स्पेक्टर जे. जी. फिच यांनी या अहवालाला सविस्तर उत्तर दिले. त्यांच्या आक्षेपाचे मर्म असे, की भरल्या वर्गात पाहुण्याने 'कोणाकोणाचे डोके दुखते? हात वर करा' असे विचारले तर हात वर होणारच. वर्गावर ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. पण फिच यांचा युक्तिवाद कितीही चतुर असला तरी अहवालातील एक गोष्ट त्याने खोडली जात नव्हती. यांतली पुष्कळ मुले उपाशीपोटी शाळेत येतात आणि उपाशी मुलावर घातलेले अभ्यासाचे ओझे हे पोट भरलेल्या मुलावरच्या ओझ्याहून वेगळे असते, असे क्राइटन-ब्राउन यांनी स्पष्ट म्हटले होते. म्हणजे तास तेच, पाठ तोच, पण 'अति' कुठे सुरू होते ते सकाळी काय खाल्ले त्यावर ठरणार. या वादात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि तेव्हा नेमकी तीच मागे पडली. शाळेत मुलांना जेवण पुरवण्याचा अधिकार देणारा कायदा इंग्लंडात व्हायला १९०६ साल उजाडले.

(श्रीमंतांच्या मुलांचे दुखणे साहित्यात याच्या बरेच आधी आले होते. 'डोंबी अँड सन' ही डिकन्सची कादंबरी १८४६ ते १८४८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील डॉ. ब्लिंबर यांची शाळा म्हणजे मुलांना अकाली पिकवणारे काचगृहच आहे. तिथे लॅटिनच्या माऱ्याखाली कोमेजणारा लहानगा पॉल हा धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा होता. वॉलवर्थच्या गल्लीतल्या मुलांना कादंबरीकाराऐवजी टक्केवारी मिळाली.)

लंडनमध्ये हा वाद रंगलेला असताना जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाचा एक मनुष्य हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवीत होता. त्याला तक्रार कोणाचीच नव्हती आणि प्रयोगाला विद्यार्थीही नव्हता. तो स्वतःच स्वतःचा विद्यार्थी. निरर्थक अक्षरसमूहांच्या माळा करायच्या, त्या पाठ करायच्या, काही काळाने किती उरले ते मोजायचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १८८५ साली त्याने स्मरणशक्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष परीक्षार्थींनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. बारा अक्षरांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकल्याने जे साधते, ते तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधते. जवळजवळ निम्म्या श्रमात तेच फळ. याचा अर्थ उरलेल्या तीस आवृत्त्यांनी मुलाला अपाय झाला असे नव्हे. त्या नुसत्या वाया गेल्या, इतकेच. क्राइटन-ब्राउन विचारीत होते की मेंदू किती सोसतो. एबिंगहाउसने दाखवले की सोसण्याची मर्यादा यायच्या कितीतरी आधी उपयोगाची मर्यादा येऊन जाते. आम्हांला वाटते, तासांविषयीचा पुढचा सारा गोंधळ या दोन मर्यादा एकच समजल्यामुळे झाला आहे.

आपल्याकडे हे लोण याच सुमारास आले होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्याने १८६०च्या दशकात खाजगी शाळांसाठी उचलली होती. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांच्या विद्यार्थिदशेतील अफाट वाचनाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या वाचनापायी त्यांचे डोळे ऐन तारुण्यात दुखावले आणि पुढे जन्मभर अधू राहिले, हे मात्र आपण त्या कौतुकाचाच एक अलंकार म्हणून सांगतो. रमाबाई त्यांना वाचून दाखवीत, हे आपल्याला त्यांच्या आठवणींतून ठाऊक आहे. तिथे आपण दांपत्यजीवनाचे हृद्य चित्र पाहतो, आणि ते आहेही. पण ते अतिअभ्यासाच्या परिणामाचे आपल्या भाषेतील एक जुने साक्षीपत्रही आहे, असे कोणी म्हणत नाही.

याच्या उलट टिळकांचे. डेक्कन कॉलेजात आल्यावर आपली प्रकृती किरकोळ आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि पहिले वर्ष त्यांनी तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. अभ्यासाच्या दृष्टीने वर्ष बुडाले. पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. दोन्ही कथा आपल्याकडे आदर्श म्हणून एकाच श्वासात सांगितल्या जातात आणि त्या एकमेकींना छेद देतात हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मात्र टिळकांच्या कथेतून 'व्यायाम करा' एवढाच बोध काढणेही अपुरे आहे. एक वर्ष बुडवण्याची मोकळीक त्यांना होती. शिष्यवृत्तीवर, वार लावून जेवून शिकणाऱ्या मुलाला ती नव्हती.

त्यात भाषेची भर पडली. इंग्लंडातले मूल निदान आपल्या भाषेत घोकत होते. इथे इतिहास, तर्कशास्त्र, गणित सारे इंग्रजीतून शिकायचे, म्हणजे एका धड्यात दोन धडे. अर्थ हाती लागत नसला की मनुष्य शब्द पाठ करतो, कारण परीक्षेत तेवढेच दाखवता येते. १९०२ साली भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन परीक्षेच्या ताब्यात गेल्याची तक्रार नोंदवली. ती वाचताना आमच्या मनात येते ते हे, की परीक्षा रद्द झाली असती तरी न कळणाऱ्या भाषेचे ओझे राहिलेच असते.

हीच गोष्ट पुढे एका साहित्यिकाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आली. राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य असलेल्या आर. के. नारायण यांनी १९८९ साली सभागृहातील आपल्या पहिल्या भाषणाला विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराचा. नंतर यशपाल समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापासून निघालेल्या समितीने वजनकाटा बाजूला ठेवला आणि म्हटले की खरे जड ओझे न समजण्याचे आहे. या अहवालाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण पालकसभेत त्याचा उल्लेख निघाला की चर्चा पुन्हा किलोग्रॅमवर जाते, हेही आम्ही पाहिले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर आमचे मत असे: संध्याकाळी वाचलेली कविता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचावी, मध्ये झोप असावी, आणि त्याच कवितेवरचे मार्गदर्शक सलग चौथ्यांदा वाचण्याची वेळ आली की पुस्तक मिटावे. तिथे तासांचा संबंध नाही. चार तासांतही अति होऊ शकते.

एबिंगहाउसची उरलेली हकीकत सांगायची राहिली. १८९०च्या दशकाच्या मध्यास ब्रेस्लाऊ शहराच्या शाळाखात्याला शंका आली की सकाळच्या सलग पाच तासांच्या शाळेने मुले थकतात की काय. त्यांनी ती एबिंगहाउसकडे नेली. प्रत्येक तासागणिक थकवा मोजता यावा म्हणून त्याने इतर चाचण्यांबरोबर एक नवी चाचणी तयार केली. एक उतारा घ्यायचा, त्यातील काही शब्द आणि अक्षरे गाळायची, आणि मुलांना ती भरायला सांगायची. १८९७ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. थकव्याविषयी तिच्यातून निर्णायक असे फारसे निघाले नाही, पण वर्गातील हुशार आणि मंद मुले वेगळी काढायला ती फार सोयीची ठरली. तेव्हापासून बुद्धिमापनाच्या आणि शालेय परीक्षांच्या कागदांवर तिचा वावर वाढतच गेला. आपल्या प्रश्नपत्रिकांत ती बहुधा पहिल्याच प्रश्नात असते: गाळलेल्या जागा भरा.