मनोहरगडचें बंड आणि जमावाचें मन

दंग्याच्या कागदांत दंगेखोरांचा स्वतःचा शब्द क्वचितच सांपडतो. लिहिणारा बहुधा सरकारी कारकून, फौजेचा अधिकारी, किंवा ज्याचें घर लुटलें तो. म्हणून ‘पुंड’, ‘बेफाम’ हीं विशेषणें वाचकानें जशींच्या तशीं घेऊं नयेत, असें आमचें मत आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच ग्रंथकारानें १८९५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जमावांत शिरलेल्या मनुष्याचा विवेक लोपतो व एकाचा आवेश दुसऱ्यास जडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मनोहरगडची हकीकत या कसोटीस लावून पाहण्याजोगी आहे.

१८४४ सालीं कोल्हापूरचा कारभार दाजी कृष्ण पंडित यांच्या हातीं होता. गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखालीं जाऊं लागल्या, तेव्हां सामानगड व भुदरगड येथील गडकरी उठले. सामानगड १३ ऑक्टोबरास इंग्रज फौजेनें घेतला. परंतु बंडाचें वारें घाट उतरून सावंतवाडींत पोंचलें. तेथील कारभार १८३८ पासून इंग्रजांकडे होता. मनोहरगडच्या लोकांस फोंड सावंत तांबुळकर व संस्थानचे वारस अण्णासाहेब मिळाले. जानेवारी १८४५ मध्यें गडास वेढा पडला आणि बंडवाले निसटून गोव्यांत गेले.

आवेश होता, तो जडलाहि. पण शेजारच्या गडकऱ्याची जमीन गेलेली पाहून जो आपल्या वतनासाठीं उठतो, त्याचा विवेक लोपला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

सुप्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १२ मे १८७५ रोजीं बाजाराच्या दिवशीं तेथें जमाव सावकारांवर चालून गेला, व हें लोण पुणें-नगर जिल्ह्यांत पसरलें. चौकशी कमिशनास आढळलें कीं, मागणी बहुतेक ठिकाणीं एकच: कर्जरोखे द्या. ते मुकाट्यानें दिले तेथें बहुधा पुढें कांहीं घडलें नाहीं. दफ्तरें जळालीं हें वाचून आम्हां कागदवेड्यांच्या पोटांत कालवतें खरें; परंतु कोणता कागद आपल्या गळ्यास फांस आहे, हें त्या निरक्षर कुणब्यांस पक्कें ठाऊक होतें.

सावंतवाडी-मालवणकडील घराण्यांत १८४४-४५ सालचें दफ्तर निघाल्यास संग्राहकांनीं लढाईच्या बातम्यांआधीं जमीनझाडे व सनदा पाहाव्या. गडावर कोण चढला, त्याची जमीन कोठें होती व ती केव्हां काढली गेली, हीं टिपणें आम्हांस हवीं आहेत.