आपली आवड कोणती? – मराठी वाचकाच्या रुचीचा इतिहास

‘तुम्हांस कोणत्या प्रकारचीं पुस्तकें आवडतात?’ हा प्रश्न आज इतका सामान्य झाला आहे कीं, तो विचारतां येण्यापूर्वीं किती गोष्टी घडून याव्या लागल्या, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आवड म्हणजे निवड. आणि जेथें निवडावयास दोन पुस्तकें नाहींत, तेथें आवडीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. आपल्या जुन्या पिढ्यांत वाचन नव्हतें असें नाहीं. पण तें बहुधा श्रवण होतें. चातुर्मासांत देवळांत किंवा ओसरीवर पोथी लागे. वाचणारा एक, ऐकणारे पुष्कळ. आणि पोथी कोणती लावावयाची, हें परंपरेनें ठरलेलें असे. एकाच अध्यायास कोणाचे डोळे पाणावत, कोणी पेंगत. परंतु पेंगणाऱ्यास उठून दुसरा ग्रंथ उघडण्याची सोय नव्हती.

ती सोय छापखान्यानें केली, व ग्रंथालयानें ती मध्यम स्थितींतील मनुष्याच्या आटोक्यांत आणली. १८४८ सालीं पुण्यास ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तिच्यासंबंधीं लोकहितवादींनीं ‘प्रभाकर’ पत्रांत लिहिलें. आमच्या ठाणें जिल्ह्यांत कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं सुरू झालें. त्याच्या नऊ वर्षें अगोदर, १८५५ सालीं, कल्याणचा लोहमार्ग टिटवाळें, खडवली असा वाशिंदपर्यंत पोंचला होता. भातसा नदीच्या कांठच्या खडवलीसारख्या लहान गांवास स्वतःचा ग्रंथसंग्रह कोठून असणार? परंतु ज्या रुळांवरून गांवचा माणूस कल्याणच्या बाजारास किंवा कचेरीस जाऊं लागला, त्याच रुळांवरून पुस्तक परत गांवांत येण्याचा मार्ग मोकळा झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां या नव्या वाचकास काय आवडेल, हें कोणास ठाऊक होतें? खरें म्हटलें तर त्यास स्वतःसही ठाऊक नव्हतें. त्याच्या वतीनें लेखकांनीं अंदाज बांधले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं आली, आणि पुढें अद्भुतरम्य कथांचा एक ओघच सुरू झाला. १८६८ च्या ‘मंजुघोषे’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनीं तर प्रस्तावनेंत या मार्गाचें समर्थनही केलें. आपल्या लोकांच्या विवाहादि चालीरीती अशा आहेत कीं, त्यांच्या नित्याच्या आयुष्यांत मनोरंजक असें कांहीं सांपडत नाहीं, सबब अद्भुताचा आश्रय करणें भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यांत लबाडी नव्हती. त्या काळच्या एका सुशिक्षिताचें तें प्रामाणिक मत होतें. परंतु त्याचा अर्थ असा कीं, ज्या घरांत बसून वाचक वाचीत होता, तें घरच वाचण्याच्या योग्यतेचें नव्हे!

या मतास उत्तर मिळण्यास वीस-बावीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं रा. भि. गुंजीकरांनीं ‘विविधज्ञानविस्तारां’त १८७१ पासून ‘मोचनगड’ देऊन इतिहासाची गोडी लावली. १८७४ मध्यें ‘निबंधमाला’ निघून निबंधाचा स्वतंत्र चाहता वर्ग तयार झाला. नंतर १८९० मध्यें हरिभाऊ आपट्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, व त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः येऊं लागली. बालपणीं लग्न होऊन पुढें विधवा झालेली यमू तींत आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. ज्या चालीरीतींमुळें कादंबरी होऊंच शकत नाहीं असें रिसबुडांस वाटलें, नेमक्या त्याच चालीरीतींतून ही कादंबरी उभी राहिली, आणि वाचकांनीं ती उचलून धरली. तथापि अद्भुताची गोडी यामुळें नष्ट झाली नाहीं; ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ पुढेंही घरोघर वाचल्या गेल्याच. एक आवड दुसरीस हांकलून देत नाहीं. ती तिच्याशेजारीं येऊन बसते.

१८९३ सालीं ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनीं खास मराठी ग्रंथांसाठीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, त्याचें महत्त्व आमच्या मतें येथेंच आहे. पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या या गृहस्थानें मराठी पुस्तकें एका छताखालीं आणल्यामुळें संतकाव्य, बखर, नाटक व नवी कादंबरी हीं एकाच वाचकाच्या हाताशीं आलीं. कोणतें आपलें, हें त्यास आतां चाळून ठरवितां येऊं लागलें.

आज पुस्तकांची वाण नाहीं. अडचण उलट आहे. हातांतील भ्रमणध्वनीचें यंत्र आपण काल काय वाचलें हें लक्षांत ठेवून आज तशाच जातीचें पुढें करतें. हा रिसबुडांच्याच अंदाजाचा नवा अवतार होय, असें आम्हांस वाटतें. वाचकास काय रुचेल तें दुसऱ्यानेंच आधीं ठरवावें, हाच त्याचा पाया आहे. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, घरांतील मुलांस एकदां तरी वाचनालयाच्या कपाटांपुढें मोकळें सोडावें. त्यांनीं प्रवासवर्णन घ्यावें, चरित्र घ्यावें, रहस्यकथाही घ्यावी. न रुचलें तर निःसंकोच परत करावें. अमुक ग्रंथ थोर म्हणून आवडलाच पाहिजे, असा आग्रह वडिलांनीं धरूं नये, आणि हलकें पुस्तक आवडलें म्हणून हंसूंही नये. अर्धें टाकलेलें पुस्तक दहा वर्षांनीं पुन्हा उघडलें असतां तेंच जिवलग होतें, असाही पुष्कळांचा अनुभव आहे.